‘कधीतरी’ हा कुठला वार?

या खेपेच्या टपालात तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली: विद्यापीठातले, कॉलेजातले मित्र. म्हणून सासूसुना, सोसायटीचं पार्किंग आणि वरच्या मजल्यावरून ठिबकणारं पाणी यांना पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला सांगितलंय.

पत्र पहिलं

ताई, मी ४३ वर्षांचा, खारघरला राहतो. २००४ ते २००६ या काळात पुणे विद्यापीठात फिजिक्सचं एम.एस्सी. केलं. हॉस्टेलवर आम्ही चौघं कायम एकत्र. रात्री जयकर ग्रंथालयातून परतताना रोज तासभर तरी रेंगाळायचो. आज एक जण पुण्यात आहे, एक कॅनडात आणि एक ठाण्यात, मानपाड्याला. कॅनडावाला मला गेल्या वर्षी भेटला, पण मानपाड्याच्या मित्राला चार वर्षांत पाहिलेलं नाही. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यावर वाढदिवसाचे केक आणि ‘भेटू रे एकदा’. लोणावळ्याचं तीनदा ठरलं, तीनदा फिसकटलं.

मार्चमध्ये ठाण्याच्या मित्राचे वडील गेले. मला कळलं नवव्या दिवशी, त्याच्या स्टेटसवर हार घातलेला फोटो पाहून. हे काका हॉस्टेलवर यायचे, चौघांसाठी डबा आणायचे. मला इतकं लागलं की मी फोनच केला नाही. त्याला सहा महिने झाले. आता कुठल्या तोंडाने करू? बायको म्हणते, ते कामापुरते मित्र होते, तू उगाच जीव लावून बसलास. खरंच तसं असतं का?
(एक वाचक, खारघर)

उत्तर

काका डबा आणायचे असं लिहिलंत, पण डब्यात काय असायचं ते लिहिलं नाहीत. मला सांगू नका. ते त्याला सांगायचंय.

फोन करू नका, घरी जा. सहा महिन्यांनी फोन केला की पहिली पाच मिनिटं ‘अरे मला कळलंच नाही’ आणि ‘अरे मी सांगणारच होतो’ यातच जातात, आणि दोघंही हातातला फोन कधी ठेवतोय याची वाट बघतात. दारात उभा राहिलेला माणूस वेगळा. त्याला आत घ्यावं लागतं, पाणी द्यावं लागतं. मग तुम्ही फोटोकडे बघा आणि डब्याचं बोला. ‘मला का नाही सांगितलंस’ हे त्या दिवशी विचारायचं नाही. पुढेही शक्यतो नाहीच.

कारण घरात माणूस जातो तेव्हा काय चालतं ते आठवून बघा. डॉक्टरांचा दाखला, महापालिकेचा पास, गावाकडून निघालेल्यांचे ‘आम्ही पोचेपर्यंत थांबा’ असे फोन, आईचं बीपी, भटजी, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं आधार कार्ड कुठंय. मुलगा त्या दिवशी कुणालाच सांगत नसतो. मावसभाऊ त्याचा मोबाइल घेऊन बसतो आणि कॉल लिस्टमध्ये वर दिसतील त्यांना कळवतो. चार वर्षं फोन नाही म्हणजे तुम्ही त्या यादीत पार खाली. तुम्हाला कुणी वगळलेलं नाही, तुम्ही दिसलाच नाहीत. आणि स्टेटस म्हणजे हल्लीची पेपरातली निधनवार्ता. ती वाचून यायचं असतं. नवव्या दिवशी कळलं ना? दहावा, तेरावा शिल्लक होता. रागावून घरी बसलात हे तुमचं चुकलं. स्पष्ट लिहितेय, पण गोड बोलणारी हवी असती तर तुम्ही मला पत्र टाकलं नसतंत.

आता तुमच्या सौभाग्यवतींचा शब्द, ‘कामापुरते’. मला तो फार आवडला, त्यांच्या अर्थाने नव्हे. ‘कामापुरता मित्र’ ही आपल्याकडे शिवी आहे आणि ‘वेळेला कामाला आला’ हे सर्टिफिकेट. काम तेच. तुमच्यातलं तेच काम संपलंय.

हॉस्टेलवर तुमची मैत्री व्हायला कुणाला काही करावं लागलं नव्हतं. मेसची वेळ एक, परीक्षा एक, परतायची वाट एक. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एका अभ्यासात मैत्रीला किती तास लागतात हे मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतपत यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा त्यांचा हिशोब आहे. शिवाय कामाच्या ठिकाणी सोबत घालवलेले तास फारसे धरता येत नाहीत, असंही त्यांना दिसलं. (बँकेत मी ३० वर्षं काउंटरवर काढली. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.) हॉस्टेलवर रोजचे आठ तास धरले तरी २०० तास पंचवीस दिवसांत होतात. ऑगस्टात तुमची ओळख झाली असेल तर गणपती बसेपर्यंत तुम्ही जिवलग झाला होतात, तेही फुकट. आज वर्षातून एकदा दोन तास भेटायचं म्हटलं तर त्याच २०० तासांना शंभर वर्षं लागतील. बायकोला हे गणित दाखवा. चाळिशीनंतर नवा जिवलग करणं किती महाग आहे ते त्यांना कळेल. तुमच्याकडे तो आधीच आहे, धूळ खात पडलाय एवढंच.

दुसरं एक संशोधन तुमच्या फार कामाचं आहे. ब्रिटनचे रॉबिन डनबार, माणसाला साधारण १५० जणांशीच खरी ओळख ठेवता येते असं म्हणणारे, त्यांनी आणि एका सहकाऱ्याने शाळा सोडून विद्यापीठात किंवा नोकरीला जाणाऱ्या ३० मुलामुलींचा १८ महिने माग ठेवला. जुन्या मैत्रीतलं काय टिकतं ते बघायला. मुलींची मैत्री बोलण्याने टिकत होती. मुलांच्या बाबतीत बोलण्याने फारसा फरक पडत नव्हता, सोबत काहीतरी करण्याने पडत होता. ३० म्हणजे काही फार नव्हेत, पण आमच्या घरातला पुरुष फोनवर ‘हो, हं, बरं, ठेवतो’ एवढे चारच शब्द बोलायचा आणि त्याच मित्राबरोबर दिवसभर स्कूटर खोलून बसायचा. त्यामुळे मला पटतं.

म्हणून ‘गप्पा मारायला भेटू’ हे बंद. लोणावळाही रद्द करा. चार पुरुष, चार बायका, मुलांच्या परीक्षा, कुणाची सासू, कुणाचं विमान, हे जुळायला लग्नासारखा मुहूर्त काढावा लागेल. आणि जुळलंच तर दोन दिवस फोटो काढण्यात जातात. गेट-टुगेदरने मैत्री टिकते हा गैरसमज कुणी पसरवला कोण जाणे, बहुतेक रिसॉर्टवाल्यांनी.

त्याऐवजी त्याला काम सांगा, त्याचं काम मागून घ्या. वडील जाऊन सहा महिने झालेत म्हणजे कागदपत्रांचा खेळ अजून संपलेला नसणार. बँकेतली खाती, नॉमिनी, आईची फॅमिली पेन्शन, फ्लॅट नावावर करणं. यातली एखादी रांग तुम्ही त्याच्याबरोबर उभे राहा. रांगेत माणूस जे बोलतो ते हॉटेलात बोलत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूने मी ते वर्षानुवर्षं ऐकलंय.

आणि मग एक वार धरा. महिन्याचा पहिला रविवार म्हणा. खारघरहून ठाण्याला सरळ लोकल आहे, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचं कारण पहाटे चालत नाही. सहाला येऊरच्या पायथ्याशी भेटा, चाला, मग स्टेशनजवळ येऊन मामलेदारची मिसळ खा. मध्यमच घ्या, तिखटाची मर्दुमकी हॉस्टेलातच राहू द्या. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर माफी मागायची नाही, कारण सांगायचं नाही, पुढच्या रविवारी यायचं. ‘कधीतरी भेटू’ म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारते, कधीतरी हा कुठला वार? माझ्या कालनिर्णयात तो नाही.

पुण्याचा आणि कॅनडाचा मित्र? त्यांचं आपोआप होईल. येऊरच्या वाटेवरून दोघांनी एक फोटो टाका, पुणेकर जळून फोन करेल.

पत्र दुसरं

ताई, मी २९ वर्षांची, ऐरोलीत नोकरी करते. एमबीएला माझ्याबरोबर असलेल्या एका मुलीचा तीन वर्षांनी मेसेज आला. ‘हाय डिअर, कशी आहेस? किती मिस करते तुला!’ आणि दुसऱ्याच मिनिटाला ‘तुझ्या कंपनीत ओपनिंग आहे का?’ बायोडाटाही सोबत. मला फार वापरल्यासारखं वाटलं. अशांना काय उत्तर द्यायचं?
(ऐरोली)

उत्तर

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. उत्तर: ‘आहे का बघते.’ आणि खरंच बघायचं.

त्या ‘मिस करते’चा मलाही राग आला. ते तिने लिहायला नको होतं. पण बिचारीला वाटलं असेल की सरळ काम सांगितलं तर उद्धट दिसेल, म्हणून वर साखर पेरली. तुमची पिढी ‘हाय डिअर’ लिहिते, आमची पिढी ‘सहज फोन केला होता’ म्हणायची. सहज कुणी फोन करत नाही, तेव्हा तर मिनिटाला पैसे पडायचे.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली याच गोष्टीवर निबंध लिहिला, तो अजून वाचला जातो. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. ५६ टक्के अधूनमधून भेटणारे आणि २८ टक्के क्वचितच. रोजच्या मैत्रिणीला जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते. म्हणजे तीन वर्षं न बोललेल्या वर्गमैत्रिणीला नोकरीचं विचारणं हा निर्लज्जपणा नाही, शहाणपणा आहे. उद्या तुला कंपनीने नारळ दिला तर तूही तेच करशील. करावंसही.

मात्र विमा, ‘घरबसल्या कमवा’ आणि झूमवरच्या मीटिंगला ‘फक्त अर्धा तास दे’ म्हणणाऱ्यांना सरळ ‘नाही’ लिहायचं. ते तुला काम सांगत नसतात, तुला गिऱ्हाईक करत असतात.

पत्र तिसरं

ताई, रागावू नका. दर महिन्याला तुम्ही लोकांना नाती कशी जपायची ते सांगता. तुमच्या स्वतःच्या विद्यापीठातल्या मैत्रिणी किती टिकल्या?
(एक ज्येष्ठ वाचक, नेरूळ)

उत्तर

एक.

रागावले नाही, पण पत्र दोन दिवस उशीखाली होतं.

१९८३ ते ८५ मी मुंबई विद्यापीठात मराठीचं एम.ए. केलं. ठाण्याहून कुर्ला, तिथून बस, मग कलिना. माझी मैत्रीण गिरगावातली, ती सांताक्रूझच्या बाजूने यायची. झेरॉक्स तेव्हा आम्हाला परवडायचं नाही. ती लायब्ररीत बसून पुस्तकांतून टिपणं काढायची आणि खाली कार्बन घालायची. वरची प्रत तिची, खालची माझी. माझ्या वाट्याला दोन वर्षं निळसर, पुसट अक्षर आलं. तिचा हात जड असेल त्या दिवशी वाचता यायचं, भुकेली असेल त्या दिवशी अंदाजाने. परीक्षेत तिला माझ्यापेक्षा चार मार्क कमी पडले. ते तिने मला अजून माफ केलेलं नाही.

१९८७ मध्ये ती लग्न होऊन वाशीला गेली. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती. मानखुर्दहून खाडीवरून गाडी आली ती १९९२ साली, आणि तीही ठाणेकरांच्या काय कामाची? आम्हाला बेलापूर रोडची बस. दुतर्फा केमिकलचे कारखाने, खिडकी उघडली तर वास, बंद केली तर घाम. उतरल्यावर साडीला जो वास यायचा तो कुठल्याच साबणाने जायचा नाही. तरी मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जायचे. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. ती माझ्यासाठी वरण-भात झाकून ठेवायची, मी तिची पासबुकं भरून न्यायचे. सतरा वर्षं हे चाललं. बाळंतपणं आणि आजारपणं सोडली तर खाडा नाही.

मग २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल, म्हणजे ट्रान्सहार्बर, सुरू झाली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. अर्ध्या तासात! आम्ही दोघी फोनवर अक्षरशः ओरडलो. आता काय, हाकेच्या अंतरावर. पहिल्या आठवड्यात मी गेले, ती आली. आणि त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही एकूण तीनदा भेटलो. पुढच्या वर्षी एकदा. कधीही जाता येतं म्हटल्यावर आज कशाला, उद्या जाऊ. बस होती तेव्हा शनिवार ठरलेला होता, गाडी आली आणि शनिवार गेला.

२००९ मध्ये माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली. मी तिला कळवलं नाही. खारघरच्या वाचकांनी आता नीट वाचावं. मी तिला वगळलं नव्हतं, खरंच सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा वाटलं, दोन वर्षं धड भेट नाही, आता एकदम कशाला तिला त्रास द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले होते तर ही समोरून आली. कुणाकडून कळलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही. शेजारी बसली. दहा मिनिटं एक शब्द नाही. मग म्हणाली,

“डबा आणायलासुद्धा सांगितलं नाहीस?”

मी म्हटलं, “तुला कशाला त्रास.”

“त्रास द्यायला दुसरी शोधलीस का?”

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हसले. आतून नर्स बघायला आली. पुढचे आठ दिवस डबा वाशीहून आला, ट्रान्सहार्बरने. त्यात रोज भोपळ्याची भाजी. मला भोपळा आवडत नाही हे तिला १९८३ पासून माहीत आहे.

बाकीच्या? वर्गात आम्ही तिसाच्या आसपास होतो. दोघी-तिघींचे दिवाळीला मेसेज येतात, एकीशी मीच भांडून बसले आणि चूक माझी होती. आता हे तिला सांगावं तर ती या जगात नाही. उरलेल्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. डनबार म्हणतात, माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात पाचच माणसं मावतात. माझी पाच जणं भरली होती, यजमान गेल्यापासून चार आहेत. तुम्ही नेरूळकर, तुमची मोजून पाहा, पण मला कळवू नका.

वाशीवालीचं आता गुरुवारचं ठरलंय, एकाआड एक. एका गुरुवारी मी जाते, एका गुरुवारी ती येते. शनिवार धरला नाही, शनिवारी नातवंडं असतात. आज माझी पाळी आहे. हा मजकूर संपादकांना पाठवला की रिक्षाने स्टेशन आणि ट्रान्सहार्बरचा फलाट, १० नंबर. काल रात्री तिचा फोन आला होता: येताना गोखले रोडवरून पाच लिटरच्या कुकरची रिंग घेऊन ये. वाशीत मिळत नाही का? मिळते की. मी विचारलं नाही.